हलका हात

कोरगावात कृष्णनाथ राऊळच्या हाताला नाव ठेवणारा माणूस हवा असता तर तो दुसऱ्या गावाहून आणावा लागला असता. गाय लाथाळ असो, नवी असो, सडाला चीर पडलेली असो; कृष्णनाथ तिच्या कुशीला उकिडवा बसला, खोबरेल तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि कासेवरून दोनदा हात फिरवला की गाय निवांत रवंथ करायला लागायची. सकाळ-संध्याकाळ पाच घरांच्या धारा तो काढायचा. तरुणपणी शिरोड्याकडून आला तेव्हा दोन वर्षं डिचोलीच्या खाणीवर कामाला होता. ती लाल धूळ छातीत बसायला लागली तसा तो कोरगावला आला आणि गायींच्या खाली बसला तो बसलाच. पंचवीस वर्षांत एकाही घरानं त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावलं नव्हतं. ‘किश्नाथाचो हात हलको’ असं लोक म्हणायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण ऐकायचा मात्र नक्की. बाकी माणूस गरीब होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गर्व काय तो एवढ्या एका गोष्टीचा.

आणि आता त्याच्याच गोठ्यात, त्याच्याच गायीची कास एका बाजूनं दगड झाली होती.

दुसऱ्यांच्या गायींखाली जन्म गेला, पण कृष्णनाथची स्वतःची म्हणावी अशी ही पहिली गाय. तीन वर्षांपूर्वी दत्ताराम गावकराची गाय वीत असताना मेली. मागे राहिली ती ओली, थरथरणारी पाडी. ‘जमता तर जगव, नायतर पुरून टाक,’ असं म्हणून दत्तारामनं ती कृष्णनाथच्या हवाली केली. कृष्णनाथनं ती खांद्यावर घालून घरी आणली. पाचही घरांतून दूध मागून आणून तो तांब्यात घ्यायचा, त्यात अंगठा बुडवायचा आणि पाडीच्या तोंडात द्यायचा. महिनाभर ती त्याच्या अंगठ्यावर वाढली. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून नाव ठेवलं चांदी. मूलबाळ नसलेल्या घरात तिचे जे लाड झाले ते काही विचारू नयेत. त्याची बायको मालती म्हणायची, ‘आमका पोर नाय ता बरा, नायतर ह्या चांदीक बगून रुसला असता.’ पण चांदीची माया कृष्णनाथपुरतीच. मालतीनं घातलेला पेंढा ती खायची आणि मालती मागच्या बाजूला गेली की लाथ उगारायची.

अशी ती चांदी व्यायली आणि कोरगावातल्या सगळ्यांनी येऊन तिची कास पाहिली. चारही सड सारखे, कास मऊ, भरल्या गोणीसारखी. आठ दिवस कृष्णनाथ जमिनीवरून चार बोटं वर चालत होता. नवव्या दिवशी सकाळी पुढच्या डाव्या सडातून दुधाऐवजी दह्यासारख्या कवड्या आल्या.

दगडी हा रोग कृष्णनाथला काही नवीन नव्हता. गेली काही वर्षं तो पाचही घरांत आलटून पालटून मुक्कामाला असायचा. त्यावर कासेत सोडायच्या ट्यूब मिळायच्या. बारीक तोंडाची ट्यूब सडाच्या भोकात घालायची, पिळायची, संपलं. एका दगडीला रोज एक अशा तीन ट्यूब, असं पेडण्याचा दुकानदार सांगायचा. पण दुसऱ्या ट्यूबला दूध पांढरं दिसायला लागलं की तिसरी ठेवून द्यायची, ही कोरगावची रीत. चांगल्या झालेल्या गायीत औषध कशाला घालवायचं? ती ट्यूब जनेलात, म्हणजे खिडकीत, पडून राहायची आणि दुसऱ्या घरात गाय आजारली की कृष्णनाथच्या हाती तिकडे जायची. विरजण मागावं तशी ट्यूब मागितली जायची. सुरुवातीला या ट्यूबनं जादू केली होती. मग ती चालेना तशी निळ्या झाकणाची आली, ती चालेना तशी पिवळ्या झाकणाची. पाच घरांतल्याच मंजुळा परबिणीच्या गायीवर तर कुठलीच चालली नाही. तिचे दोन सड मेले, आणि चैत्रात ती गाय ट्रकात चढून गेली.

ट्रकात चढणारी ती गाय कृष्णनाथच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण चांदीचं तसं होणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि वाटायला कारण होतं. तिच्या अंगात जन्मात कधी ट्यूब गेली नव्हती, सुई गेली नव्हती. कोऱ्या गायीवर औषध चुटकीसरशी चालायला हवं होतं. त्यानं कंजूषपणा न करता तीन दिवस तीन ट्यूब सोडल्या, निळी आणि दोन पिवळ्या. कास आणखी घट्ट झाली. चांदीनं चारा सोडला आणि तिच्या कानांना हात लावला तर चटका बसायला लागला. तेव्हा कुठं कृष्णनाथ पेडण्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेला.

दवाखान्यात त्या वर्षी नवी डॉक्टरीण बदलून आली होती. अश्विनी तिचं नाव, मूळची बेळगावकडची, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. स्कूटर दामटत ती त्याच दिवशी आली, कास दाबून पाहिली आणि विचारलं, “या गायीला याआधी कधी औषध दिलंय?”

“नाय बाय. जन्मात नाय,” कृष्णनाथ म्हणाला.

तिनं सड स्पिरिटनं पुसले, एकेका सडाचे चार-चार थेंब वेगळ्या बाटल्यांत घेतले. सड धरून द्यायला कृष्णनाथच बसला होता. त्याचा अंगठा दुमडलेला होता, कारण तो धार तशीच काढायचा. अंगठा आत मोडून त्याच्या सांध्यानं सड दाबायचा. त्या सांध्यावर एक खोल, काळपट भेग होती.

“अंगठ्याला काय झालं?” तिनं विचारलं.

“ती जुनी भेग. अशी धार काडून पडता. पावसात उलता, मगे मलम लायतंय.”

“कसलं मलम?”

कृष्णनाथ थोडा खुशीतच उठला. त्याच्या दृष्टीनं ही त्याची अक्कल होती आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं. जनेलातून त्यानं एक पिळून चपटी झालेली पिवळ्या झाकणाची ट्यूब आणली. “कासेत सोडून थोडा उरताच. सडाच्या आत चलता, तर आंगठ्याक कशाक चलूचा नाय? रोज सकाळी थोडा लायतंय. ठणको कमी जाता.”

“किती वर्षं लावताय?”

“ट्यूबी येवक लागल्यो तेव्हापासून. आदी पयली, मगे निळी, आता ही.”

डॉक्टरीण पालथ्या बाल्दीवर बसली. मग तिनं पिशवीतून कापूस गुंडाळलेली काडी काढली, त्याचा अंगठा हातात घेतला आणि ती काडी भेगेत फिरवली. तेलाची वाटी मागितली, त्यातही एक काडी बुडवली.

“गाय आजारी आसा बाय, मी नाय,” कृष्णनाथ हसत म्हणाला.

“बघू या. तपासायला तीन दिवस लागतील. तोवर सुजलेला सड दर दोन तासांनी पिळून मोकळा करा. प्रत्येक वेळी हात साबणानं घासून धुवा. आणि मामा, तेल लावू नका.”

साबणाला तो हो म्हणाला. तेलाचं त्यानं मनावर घेतलं नाही. कोरड्या हातानं गायीला छळायचं हे त्याच्या धर्मात बसत नव्हतं.

ते तीन दिवस त्यानं गोठ्यात काढले. मंजुळेची गाय गेल्यावर उरलेल्या चार घरच्या धारा तेवढ्या काढून यायचा आणि पुन्हा चांदीखाली बसायचा. पिळून पिळून येणार काय, तर पिवळं पाणी आणि चोथा. दुसऱ्या दिवशी तो गावच्या देवळात गेला आणि कौल लावला. चांदीची कास वाचायची असेल तर उजवा दे, असं गाऱ्हाणं घातलं. ओली पाकळी देवाच्या अंगाला चिकटून बराच वेळ हलेना, आणि मग सुटली ती उजवीकडून. कृष्णनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्यानं मालतीला अंगारा दिला, चांदीच्या कपाळाला लावला, हात धुतले, तेलात बोटं बुडवली आणि खाली बसला. पुढच्या उजव्या सडातून कवड्या आल्या.

आता मात्र तो घाबरला. देवही ज्याच्यापुढे हरतो असलं हे काय आहे, आणि ते आपल्याच गोठ्यात का आलं, हे त्याला कळेना. पंचवीस वर्षं त्यानं कुठल्या गायीला शिवी दिली नव्हती, वासराच्या वाटचा सड कधी पिळला नव्हता. त्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

चौथ्या दिवशी अश्विनी आली. दवाखान्याच्या पाटीवर वेगळं घटक राज्य झाल्यापासून कोकणी आली होती, कृष्णनाथच्या घरात पेपर यायचा तो मराठी, आणि रिपोर्ट मात्र इंग्रजीत होता. तिनं तो ओट्यावर पसरला. सात औषधांची सात नावं एकाखाली एक, आणि त्यांच्यासमोर एकेक अक्षर. पाच ठिकाणी तेच अक्षर होतं.

“हे अक्षर आहे तिथं ते औषध चालत नाही. जंतू त्याला जुमानत नाही. सातातली पाच औषधं या गायीवर फुकट आहेत.”

“कोऱ्या गायीर?”

तिनं दुसरा कागद काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला. “हा तुमच्या अंगठ्याचा.”

कृष्णनाथला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण दोन कागद शेजारी ठेवल्यावर वाचायची गरजही नव्हती. तीच सात नावं, तेच अक्षर, त्याच पाच जागी.

“म्हंजे गायीचा माका लागला,” तो आशेनं म्हणाला.

“उलटं, मामा.” तिचा आवाज खाली आला. “औषध पुरेसं मिळालं तर जंतू मरतात. थोडंसंच मिळालं तर त्यांतले नाजूक तेवढे मरतात आणि चिवट मागे उरतात. रोज थोडं औषध, रोज चिवट तेवढे शिल्लक. तुमच्या भेगेत हे कित्येक वर्षं चाललंय. एकेक नवी ट्यूब आली आणि ती त्यांनी पचवली. तिसरी ट्यूब वाचवलेल्या गायींच्या कासेतही तेच झालं. आणि ते घेऊन तुम्ही रोज दोनदा घरोघर फिरता. तेलाच्या वाटीतही तेच सापडलंय.”

“पण चांदीक कदी औषध दिलंय नाय, बाय. मी शपथेवर सांगतंय.”

“लहानपणी तिला दूध कुणाचं पाजलं?”

“घरांतला. ज्या गायीक ट्यूब चालू आसता तिचा दूद सोसायटीत चलणा नाय. ता माका देयत.”

“आणि कसं पाजलं?”

कृष्णनाथ आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. दारात उभी असलेली मालती म्हणाली, “आंगठ्यान.”

कुणी चोर म्हटलं असतं तर तो भांडला असता. खोटारडा म्हटलं असतं तर देवळात जाऊन नारळावर हात ठेवला असता. पण इथं भांडायला समोर कुणी नव्हतं. एक कागद होता आणि त्याचा स्वतःचा अंगठा होता. ज्या हातानं जगवली त्याच हातानं तिच्या तोंडात हे घातलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. त्याला उमाळा आला, आणि परक्या मुलीसमोर रडायची लाज वाटून तो उठून गाय बांधली होती तिकडे गेला.

अश्विनी मागोमाग आली. रडायला वेळ नाही हे ती त्याच्याइतकंच जाणत होती. “पुढचे दोन सड गेले, मामा. ते परत येतील असं मी खोटं सांगणार नाही. पण मागचे दोन अजून स्वच्छ आहेत, तपासात काही निघालेलं नाही. उरलेल्या दोनांतलं एक औषध मी शिरेतून देते. पाच दिवस, एकही दिवस चुकवायचा नाही. मागचे दोन सड सकाळ-संध्याकाळ पूर्ण रिकामे झाले पाहिजेत. दूध कासेत तुंबलं तर जंतूला आयतं घर मिळतं. वासरू लावायचं नाही, ते या सडाचं त्या सडाला नेईल. आणि तुमचा हात तिच्या कासेला लागता कामा नये.”

“मगे धार कोण काडतलो?”

“दुसरं कुणीही.”

दुसरं कुणीही म्हणजे कोण, हे तिला माहीत नव्हतं. चांदी तिला कुठं ठाऊक होती. संध्याकाळी मालती बसली. चांदीनं बाल्दी उडवली आणि मालतीचं मनगट सुजवलं. शेजारच्या मंगेशला बोलावलं. त्यानं मागचे पाय दोरीनं बांधले आणि बसला, तर चांदीनं पान्हाच चोरला. अर्धा तास ओढून वाटीभर दूध आलं, आणि ती दोरीशी झगडत गुडघ्यांवर कोसळली. कास तुंबून चकचकीत झाली. कृष्णनाथ दाराबाहेर उभा राहून हे सगळं पाहत होता, आणि चांदी मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुई द्यायला आलेल्या अश्विनीनं रबरी हातमोज्यांचे दोन जोड दिले. “हे घालून बघा. फाटले तर लगेच उठायचं.” त्यानं भेगेवर पट्टी बांधली, मोजे चढवले आणि खाली बसला. रबराच्या वासानं चांदी बुजली, एकदा पाय झाडला, पण अंग ओळखीचं होतं, बोलणं ओळखीचं होतं. तो तिला नावानं हाक मारत राहिला आणि मग तिनं पान्हा सोडला. मागचे दोन सड त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे केले. त्या सकाळी त्याच्या घशाखाली चहा उतरला, पावाचा उंडा उतरला.

संध्याकाळी त्यानं दुसरा जोड चढवला. चांदी पुन्हा बुजायला नको म्हणून मोज्यावर नव्या बाटलीतलं खोबरेल चांगलं हातभर चोपडलं. त्याच्या मते ही अक्कलच होती. तेलानं रबर सैल पडतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अंगठा दुमडून सांध्यानं दाबायची सवय काही मोजा घातला म्हणून जात नाही. निम्मी बाल्दी भरली असेल, तेव्हा त्याच्या अंगठ्याला सडाची ऊब लागली.

ती ऊब त्याला लगेच कळली. आंधळ्यालाही कळली असती. पट्टी ओली होऊन केव्हाच सरकली होती आणि भेग उघडी होऊन सडावर दाबली जात होती. त्यानं उठायला हवं होतं. पण उठला तर पान्हा मोडणार, दूध आत तुंबणार, आणि मग ही कुणालाच धार देणार नाही. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. दोन दिवसांनी त्याच्या कातडीला तिची कातडी लागली होती. आणखी चार धारा, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चार झाल्या, मग आणखी चार, आणि तसंच करत त्यानं दोन्ही सड संपवले.

मोजा उतरवताना मालतीनं पाहिलं. “कदी फाटलो?” तिनं विचारलं.

“आता,” तो म्हणाला.

मालतीनं बाल्दीत पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं पुढे विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचा डावा सड तापला आणि त्यातून कवड्या आल्या.

आधीचं सगळं त्यानं न कळता केलं होतं. त्याचं दुःख होतं, पण त्यात तोंड दाखवायला जागा होती. हे मात्र त्यानं कळून केलं होतं. अश्विनी सुई देऊन, कास बघून, खोट्या धीराचं एक वाक्य न बोलता स्कूटरकडे गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, “आता एकच राहिला. तो गेला तर गाय ठेवण्यात अर्थ नाही.” कृष्णनाथ तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. त्याला मंजुळेच्या गायीचा ट्रक दिसत होता. फळीवरून चढताना तिचे पाय घसरत होते आणि मागून दोघं ढकलत होते, आणि त्यांतला एक तो स्वतः होता. ढकलणारा हातही हाच.

रिपोर्ट आल्यापासून, अंग बरं नाही असं कळवून, तो कुणाच्याच घरी धारेला गेला नव्हता. आता तो उठला आणि पाच घरं फिरायला निघाला. धारेची वेळ नव्हती. ऊन डोक्यावर होतं. पहिलंच घर दत्तारामचं. दत्तारामनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. “बायच्या कागदाक काय कळता? पंचवीस वरसां तू माज्या गायींखाली बसतंस. सांजेक ये गुपचूप.”

“येवचंय नाय. आणि माजी तेलाची वाटी हय ऱ्हवली आसा ती फोडून टाक.”

“खुळो झालंस काय रे?”

“तुजी गाय आजून बरी आसा, दत्ताराम. माका बोलव नको,” एवढं बोलून तो पुढच्या घरी गेला. तिथं बाईनं दाराआडूनच ऐकलं आणि कडी लावली. आणखी दोन घरांत त्यानं तेच सांगितलं. एकात त्याला पाणी मिळालं, एकात शिव्या मिळाल्या. शिव्या खाताना त्याला जरा बरं वाटलं.

शेवटी मंजुळेचं घर. तिच्या रिकाम्या गोठ्यात लाकडं रचलेली होती. ती काजूच्या बिया सोलत बसली होती. चिकानं काळी झालेली बोटं तिनं थांबवली नाहीत.

“तुका म्हायत होता?” सगळं ऐकून तिनं विचारलं.

“नाय.”

“मगे आता कशाक सांगतंस? माजी गाय येतली परत?”

“नाय. पण उद्या दुसरी आणलंस तर तिच्याखाली माका बसव नको.”

मंजुळेनं पुढची बी उचलली. तिनं त्याला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. तो आपणहून निघाला.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. धारेची वेळ झाली होती, आणि चांदी ओरडत होती. एका सडात दूध दाटलं होतं आणि तीन सडांत ठणका. कृष्णनाथनं मालतीला हाक मारली. “हात धू. कोपरापासून, साबणान. तू काडतलंस.”

“लाथ मारतली ती. परवा मारल्यान.”

“मी मानेकडे उभो ऱ्हवतंय. मी हय दिसलंय तर ती मारूची नाय.” मग म्हणाला, “तेच्याआदी माजे हात बांद.”

मालतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो पाठमोरा वळला आणि दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला. “बांद म्हणतंय ना. माजो भरवसो नाय. मोजो फाटल्याला माका कळला होता, मालती. कळून मी काडलंय.”

मालतीनं खुंटीवरचं सुंभ घेतलं आणि नवऱ्याची मनगटं बांधली. गाठ सैल बसली तशी त्यानं आणखी आवळायला सांगितली. पंचवीस वर्षांच्या धारेनं जाड झालेली ती मनगटं बांधताना तिला रडू आलं, पण गाठ तिनं नीट मारली.

चांदीच्या तोंडाजवळ जाऊन तो उभा राहिला. तिनं त्याच्या छातीवर नाक घासलं, हात शोधले, हात मिळाले नाहीत, तरी ती तिथंच टेकून राहिली. तो बोलायला लागला. काय बोलला ते मालतीला आठवत नाही. पावसाचं, चाऱ्याचं, तिच्या वासराचं असं काहीबाही. बोलता बोलता मधेच मागे सांगायचा: “आंगठो भायर ठेव. दुमडू नको. पुरी मूठ कर आणि वरसून दाब.” जन्मभर जशी धार काढली त्याच्या उलट तो शिकवत होता. मालती चाचपडत होती. चांदीचा पाय एकदा उचलला गेला. कृष्णनाथनं कपाळ तिच्या कपाळाला लावलं आणि पाय खाली आला.

मग त्या एका सडाला पान्हा सुटला. मालतीची पहिली धार बाल्दीबाहेर गेली, दुसरी तिच्या पायावर, तिसरी आत. तुटक, वेडीवाकडी धार. गायीला त्रास होत असणार हे त्याला नुसत्या आवाजावरून कळत होतं. पाठीमागे त्याची बोटं आपोआप हलत होती. कृष्णनाथच्या हातानं दोन मिनिटांत झालं असतं त्या कामाला पाऊण तास लागला. मालतीनं शेवटचे थेंब काळ्या फडक्यावर घेऊन उजेडात पाहिले. दूध पांढरं होतं, त्यात कवडी नव्हती.

“बरा आसा,” ती म्हणाली. “आजच्यापुरता तरी बरा आसा.” ती उठली, बाल्दी बाजूला ठेवली आणि त्याच्या मागे येऊन गाठीला हात घातला. “सोडू?”

चांदी त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी होती. तिची कास त्याच्यापासून दोन हातांवर होती.

“नको,” कृष्णनाथ म्हणाला. “आदी माका भायर ने.”

मालतीनं त्याला दंडाला धरून गोठ्याबाहेर आणलं, दार ओढून कडी लावली, आणि मग गाठ सोडली.